दाखवायचं नाही, उडवायचं नाही; मग मॅग्नम घ्यायचं कशाला?

रात्रीचे अकरा वाजले असतील. धाकट्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "ताई, हे बघ. विषय हार्ड!" स्क्रीनवर कुणा अमेरिकन माणसाच्या तळहातात मावणारं रिव्हॉल्व्हर. पाच गोळ्यांचं, नळी जेमतेम दोन इंच, आणि नळीच्या टोकाला, माशीच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बारीक खाचा. "पोर्टेड बॅरल आहे. .३५७ मॅग्नम असून धक्काच बसत नाही म्हणे."

एरवी मी 'झोप आता' म्हणून सोडून दिलं असतं. पण यावेळी प्रकरण नुसत्या रीलचं नव्हतं. आमच्या घरात गेली पंचवीस वर्षं एक रिव्हॉल्व्हर आहे. पप्पांच्या नावावर, रीतसर लायसन्सचं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं. शस्त्र नियम २०१६ असं सांगतात की लायसन्सधारकाने हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, किंवा त्याची सत्तरी झाली, की त्याला कायदेशीर वारसाचं नाव सुचवता येतं. धाकट्याला नुकतीच एकवीस पूर्ण झाली, म्हणजे लायसन्सचं वय झालं. पप्पांना वाटतं, पोराचं नाव लावावं. पोराला वाटतं, नाव लावू, पण ते जुनाट .३२ विकून टाकू आणि कुणीतरी सांगितलेलं एक जुनं इम्पोर्टेड छोटं मॅग्नम घेऊ. भाव अर्थातच लाखांत.

मी कॉलेजला असल्यापासून बालेवाडीला पिस्तूल नेमबाजी करते, म्हणून घरात या विषयावर माझं मत विचारलं गेलं. ते मत घरच्यांना आवडलं नाही. निघोजे, महाळुंगे, कुरुळी, मोई या पट्ट्यात असे धाकटे घरोघरी आहेत, म्हणून तेच मत इथं मांडते.

आधी पप्पांची बाजू सांगते, कारण ती खरी होती. आमच्याकडे कंपन्या आल्या तेव्हा पप्पांनी लेबर पुरवायचं काम सुरू केलं. पगार रोख असायचे. महिन्याच्या सात तारखेला बँकेतून बॅग भरून आणायची, रात्री चिठ्ठ्या करायच्या, सकाळी वाटायचे. रस्त्याला दिवे नाहीत, दोन्हीकडे ज्वारी, मोबाईल कुणाकडे नाही. अशा माणसाने कमरेला .३२ लावलं तर मी त्याला हसणार नाही. पण आज निघोज्याच्या हद्दीत महिंद्राचा प्लँट आहे, शेजारी फोक्सवॅगन आहे, रात्री तीन वाजता कंपन्यांच्या बस फिरतात, आणि पगार खात्यावर जातात. बॅग गेली. रिव्हॉल्व्हर राहिलं. आता ते काय करतं, तर लग्नात पप्पा खाली वाकले की शर्टाखाली दिसतं. बस एवढंच.

पंचवीस वर्षांत पप्पांनी त्यातून किती गोळ्या झाडल्या ते मी विचारलं. बोटं मोजत म्हणाले, "सहा असतील. घेतलं तेव्हा टेस्टिंगला."

आता मॅग्नमकडे येऊ. .३५७ मॅग्नम हे काडतूस १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने आणलं. त्याआधीच्या .३८ स्पेशलपेक्षा त्याचं कवच थोडं लांब ठेवलं, ते मुद्दाम, म्हणजे जास्त दाबाचं हे काडतूस जुन्या नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये बसूच नये. ते झाडायला जे रिव्हॉल्व्हर बनवलं ते किलोहून जास्त वजनाचं, मोठ्या फ्रेमचं होतं. हत्यार जड असणं ही तिथं हौस नव्हती, गरज होती. छोट्या फ्रेममध्ये, म्हणजे जिला तिकडे जे-फ्रेम म्हणतात त्या खिशातल्या आकारात, मॅग्नम घालायचं काम नव्वदच्या दशकात झालं. पुढे हलके मिश्रधातू आले आणि वजन ४०० ग्रॅमच्याही खाली गेलं.

अकरावीचं फिजिक्स काढा. संवेग अक्षय्यता. ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३७० मीटर वेगाने बाहेर पडली, तर तिचा संवेग साधारण ३. तेवढाच मागे यायला पाहिजे. हत्यार ४०० ग्रॅमचं असेल तर ते सुटं धरल्यास सेकंदाला साडेसात मीटरने तुमच्याकडे निघतं. पप्पांच्या .३२ चं गणित करा: गोळी साडेसहा ग्रॅमच्या आत, वेग २१५ च्या आसपास, हत्यार ७०० ग्रॅम धरा. मागे येण्याचा वेग सेकंदाला दोन मीटर. ऊर्जा काढली तर एकीकडे ११ ज्यूल, दुसरीकडे दीडच्याही खाली. आठपट. आणि यात बाहेर पडणाऱ्या गॅसचा हिशोब मी धरलेलाच नाही. तो धरला की मॅग्नमचा आकडा आणखी चढतो. मी मॅग्नम कधी झाडलेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण .२२ झाडताना नवशिक्याचा हात आवाजाच्या आधीच कसा दचकतो ते मी रोज बघते. दचकणारा हात आठपट धक्क्याने सरळ होत नाही.

"अगं पण म्हणूनच तर पोर्टेड!" हा धाकट्याचा हुकमी एक्का. तर पोर्टिंग म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण या खाचांबद्दल दुकानदारापासून रीलवाल्यापर्यंत सगळे अर्धंच सांगतात. गोळी नळीच्या टोकाशी पोचते तेव्हा तिच्या मागे प्रचंड दाबाचा तापलेला गॅस असतो. खाचांमधून त्यातला काही वर उसळतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने नळीचं तोंड खाली दाबलं जातं. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो आहे नळी वर उडण्याविरुद्ध. तळहातात मागे घुसणारा धक्का बराचसा तसाच राहतो. लांब नळीच्या, जड, स्पर्धेतल्या हत्याराला पुढची गोळी पटकन झाडायची असेल तर हे कामाचं आहे. दोन इंचाच्या नळीत आधीच जागा नाही, त्यातला तुकडा तुम्ही खाचांना दिला की वेगही थोडा जातो.

आणि वर गेलेला गॅस कुठे जातो? तुमच्या डोळ्यांसमोर. रात्री तो जाळ होऊन दिसतो आणि पुढचे काही क्षण तुम्हाला दुसरं काहीच दिसत नाही. हत्यार अंगाजवळ धरून झाडलं तर तो थेट चेहऱ्याकडे. आवाजही मागे, झाडणाऱ्याच्या कानाकडे जास्त येतो. अशा हत्याराचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो. १४० च्या वर एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. रेंजवर आम्ही .२२ लासुद्धा कानावर मफ्स लावतो. चाकणच्या रस्त्यावर रात्री कुणी अडवलं तर धाकटा आधी मफ्स लावणार आहे का? गाडीत काचा बंद असतील तर बोलायलाच नको.

ट्रिगरचीही एक गोष्ट आहे, ती कुणी सांगत नाही. दहा मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धेत ट्रिगरला किमान ५०० ग्रॅमचा भार लागतो. छोट्या रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे न ओढता थेट ट्रिगर दाबला, की साधारण पाच किलो. चारशे ग्रॅमची वस्तू एका हातात स्थिर धरायची आणि त्याच हाताच्या एका बोटाने तिच्यावर पाच किलो ओढायचे. करून बघा: पेनाला पाच किलो गव्हाच्या पिशवीचा बंद बांधा, तो तर्जनीने ओढा आणि पेनाचं टोक हलू देऊ नका. जमतं, नाही असं नाही. हजारो वेळा केल्यावर जमतं. पण हजारो गोळ्या आणणार कुठून? लायसन्सवर एका वेळी किती आणि वर्षाला किती हे लिहिलेलं असतं. मॅग्नमच्या गोळ्या .३२ सारख्या सहज मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग. सर्वसामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करायची वाट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातच बंद झाली. सवलत मिळते ती नामांकित नेमबाजांसारख्या थोड्यांना. म्हणून जुनी इम्पोर्टेड वस्तू हातोहात फिरते आणि तिची किंमत तिच्या कामावर नाही, तिच्या दुर्मिळपणावर ठरते. स्प्रिंग तुटली तर पार्ट कुठून आणायचा हे विकणारा सांगत नाही.

हे सगळं बाजूला ठेवा. समजा, घेतलं. मग?

दाखवता येत नाही. २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हँडगन नेताना ती होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेली पाहिजे. ती बाहेर काढून मिरवणं हाच नियमभंग. म्हणजे ज्या एका कारणासाठी आमच्या पट्ट्यात ही वस्तू घेतली जाते, तेच करायला मनाई. उडवताही येत नाही. डिसेंबर २०१९ पासून कायद्यात स्पष्ट आलंय: आनंदाच्या भरात किंवा बेफिकिरीने, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वरात असो, यात्रा असो, बैलगाड्याचा पहिला नंबर असो. आणि रील टाकलीत तर पुरावा तुम्हीच अपलोड केलेला असतो.

वर निवडणुका. २०२४ मध्ये १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, १५ ऑक्टोबरला विधानसभेची. दोन्ही वेळा पप्पांनी रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा केलं, पावती घेतली, मग परत आणायला चकरा मारल्या. आई म्हणते, "ते आपलं कमी आणि त्यांचं जास्त आहे." राहिलेल्या दिवसांत ते कपाटात असतं, आणि कपाटाची किल्ली कुठे आहे याची काळजी आईला असते. भाचे आले की तिचं पहिलं लक्ष त्या कपाटाकडे.

ती काळजी वेडी नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होता. लायसन्सचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, गोळी सुटली आणि डाव्या पायात, गुडघ्याखाली शिरली. शत्रू नाही, भांडण नाही. स्वतःचं घर, स्वतःचं कपाट. त्याच वर्षी फेब्रुवारीत दहिसरला अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं, लायसन्सचं. लायसन्स एका माणसाचं वागणं तपासून देतात. हत्यार मात्र ज्याच्या हातात जाईल त्याचं होतं. डिसेंबर २०२४ मधल्या मस्साजोगच्या खुनानंतर बीड जिल्ह्यात लायसन्सची हत्यारं किती, कुणाकडे आणि कशाला, हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राने विचारला आणि प्रशासनाने शंभराहून जास्त लायसन्स रद्द केली. मला एवढंच विचारायचंय की ही तपासणी खून झाल्यावरच का व्हावी?

धाकट्याचं शेवटचं म्हणणं टाळण्यासारखं नाही. "त्यांच्याकडे कट्टे आहेत ताई. आपण काय टाळ्या वाजवायच्या?" त्यांच्याकडे आहेत, हे खरंय. सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीतल्या उमर्टीसारख्या गावातून गावठी पिस्तुलं पुण्यापर्यंत येतात, आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी कट्ट्यासह पोरगं पकडल्याची बातमी आपण वाचून पान उलटतो. त्यातली बरीच पोरं तुमच्या-आमच्या वयाची. विनापरवाना बंदूक सापडली तर दोन ते पाच वर्षं कैद आहे. ती भोगली नाही तरी गुन्हा नोंदला गेला की आपल्याकडच्या कंपन्यांत चारित्र्य पडताळणीचा कागद आडवा येतो. स्क्रॅपचं किंवा टँकरचं काम मिळवायला जे कट्टे मिरवतात, त्यांच्यासमोर कमरेला मॅग्नम लावून उभं राहिल्याने धाकटा सुरक्षित होत नाही, त्यांच्या खेळात उतरतो. तेही त्यांच्या नियमांनी. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३४ ते ४४ वाचा. पण त्यात अट आहे: बचावापुरतंच, त्याहून जास्त इजा नाही. ते 'बचावापुरतं' दोन सेकंदांत, अंधारात, कानात शिट्टी वाजत असताना ठरवायचं असतं, आणि नंतर कोर्टात वर्षानुवर्षं सिद्ध करायचं असतं.

कुणाला खरोखर जिवाची भीती असेल, धमक्यांची नोंद असेल, तर त्याने लायसन्स मागू नये असं मी म्हणत नाही. त्याने मागावं, ट्रेनिंग नीट घ्यावं, महिन्याला रेंजवर जावं, आणि स्वतःला पेलवेल असं हत्यार घ्यावं. कानपूरचं 'प्रबल' २०२३ मध्ये आलं, .३२ बोअरचं, ७०० ग्रॅमचं. दिसायला काही खास नाही. पण सहा गोळ्या लावून सहाही कुठे गेल्या हे सांगता येईल असं. माझा राग आहे तो हौसेच्या लायसन्सवर. बापाने बॅगेसाठी घेतलं, मुलाने स्टेटससाठी ठेवलं.

आणि नेमबाजीचीच हौस असेल ना, तर मग माझ्याकडे या. दहा मीटर एअर पिस्तूल, ४.५ मिलिमीटरचा छर्रा. ठरावीक ताकदीपर्यंतच्या एअरगनला लायसन्सच लागत नाही. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या बटणाएवढं. पंच्याहत्तर मिनिटांत साठ छर्रे. दहाव्या छर्‍यापर्यंत तुम्हाला तुमचा श्वास ऐकू यायला लागतो, तिसाव्यापर्यंत तुमची घमेंड. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये पालेमबंगला २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण घेतलं. एशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला. रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करणाऱ्या स्वप्नील कुसळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य जिंकलं, तो बालेवाडीतच घडला. यांच्यापैकी कुणाच्या कमरेला काही लटकलेलं मी पाहिलेलं नाही.

मी पप्पांना सांगितलंय: वारस म्हणून नाव कुणाचंच लावू नका. लायसन्स आहे तोवर ठेवा, नंतर हत्यार रीतसर डीलरकडे जमा करून टाका. पप्पा "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, पण कधीकधी हो. वारसाचा फॉर्म टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये आहे, लाईट बिलांच्या खाली.

धाकटा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, गाडीवर मागे बसून बालेवाडीला आला. एअर पिस्तूल हातात घेतलं आणि पहिला छर्रा टार्गेटच्या कागदाबाहेर. दुसरा कागदावर, काळ्याच्या बाहेर. विसाव्याला त्याने पहिल्यांदा आठ मारला आणि वळून माझ्याकडे बघितलं, मला दिसलं की नाही ते तपासायला. परत येताना मोशीच्या सिग्नलला विचारतो, "ताई, पंचवीस मीटरला ते पोर्टेड मॅग्नम चालतं का गं?"

चालत नाही. २५ मीटरच्या नियमांत मॅग्नम काडतूसही नाही आणि खाचा पाडलेली नळीही नाही. मी सांगितलं, सिग्नल सुटला. पुढच्या रविवारी येणार आहे म्हणाला.